न वाटलेलं वावर: अन्याय, निसर्ग आणि घर यांची खानदेशी कविता

ब्रिटिश अमदानीतल्या गॅझेटियरमध्ये एरंडोलची नोंद आहे ती इथल्या देशी कागदासाठी. जाडाभरडा, हातानं केलेला कागद. एकेकाळी तो नावाजलेला होता, पण नोंद झाली तेव्हा तो धंदा कसाबसा तग धरून होता. त्याच नोंदींमध्ये धरणगाव हे एरंडोल तालुक्यातलं गाव म्हणून येतं. १८९० साली त्या धरणगावात त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, जन्मले. त्याच्या दहा वर्षं आधी, १८८० मध्ये, जळगावला लागून असलेल्या आसोद्यात बहिणाबाई जन्मल्या होत्या. एकाला सतराव्या वर्षी, १९०७ च्या जळगावच्या कविसंमेलनात, डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकरांनी ‘बालकवी’ ही पदवी दिली. दुसरीला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिचं पुस्तक आलं १९५२ साली, ती गेल्यानंतर. एकाच पट्ट्यातली ही दोन माणसं, एकाच काळ्या मातीवर वाढलेली. तरी मराठी वाचक त्यांची नावं एका दमात घेत नाही. बालकवी निसर्गकवी, बहिणाबाई लोककवयित्री. पलीकडे शहाद्याचे वाहरू सोनवणे आदिवासी कवी, अजिंठ्याच्या पायथ्याचे ना. धों. महानोर रानकवी.

असे बांध समीक्षेनं घातले आणि अभ्यासक्रमांनी ते पक्के केले. कवितेचं वावर एकच होतं, त्याचे हिस्से पाडून प्रत्येकाच्या नावे वेगळा सातबारा करून दिला. निसर्गाच्या कवितेत अन्याय आला की तो विषयांतर ठरतो. घरातल्या कवितेत जमीन आली की ती पार्श्वभूमी होते. विद्रोहाच्या कवितेत एखादा पक्षी आला तर आपण त्याच्याकडे प्रतीक म्हणूनच बघतो, जणू दलित वस्तीवर खरा पक्षी कधी बसतच नाही.

आज हा प्रश्न पुन्हा काढायचं कारण अमेरिकन कविता आहे. गेल्या पंधरा-वीस वर्षांत तिथल्या ज्या कवितासंग्रहांचा सगळीकडे बोलबाला झाला, त्यांत सामाजिक न्याय, पर्यावरण आणि कुटुंब या तीन गोष्टी सोडवता येणार नाहीत इतक्या गुंतलेल्या दिसतात. आपल्याकडे इंग्रजी वाचणारे तरुण कवी हे मोठ्या कौतुकानं सांगतात, आणि कौतुक रास्तही आहे. मात्र तिथेही हे गुंतलेपण सहजासहजी मान्य झालेलं नाही. २००९ साली कॅमिल डंगी या कवयित्रीनं ‘ब्लॅक नेचर’ नावाचं संकलन काढलं. त्यात चार शतकांतल्या ९३ कृष्णवर्णीय कवींच्या १८० कविता आहेत, आणि सगळ्या निसर्गावरच्या. तोवर अमेरिकन निसर्गकवितेच्या संकलनांत हे कवी जवळजवळ नसायचे. कारण सोपं होतं. त्यांच्या कवितेतल्या झाडाला माणूस लटकवलेला असे आणि शेतात आजोबांची गुलामी असे. निसर्ग म्हणजे विसावा, अशी ज्यांची समजूत होती त्यांना ही निसर्गकविता वाटेना. डंगींनी एकही नवी कविता न लिहिता, फक्त पानं एकत्र शिवून, शंभर वर्षांची वर्गवारी हलवली. खानदेशच्या कवितेचं असं संकलन अजून कुणी केलेलं माझ्या पाहण्यात नाही. केलं तर त्यात काय दिसेल, ते या लेखात पाहायचं आहे.

सुरुवात बालकवींपासून करू, आणि थोडक्यात करू, कारण त्यांच्याविषयी आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं आहे. फुलं, झरे, श्रावण, संध्याकाळ, औदुंबर. त्यांच्या निसर्गात नांगर जवळपास दिसत नाही. तो निसर्ग कुणी कसलेला नाही, कुणाच्या मालकीचा नाही, त्यावर सारा नाही. हा दोष म्हणून मी सांगत नाही. वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, ५ मे १९१८ ला, भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेलेल्या या माणसाच्या शेवटच्या काळातल्या कविता वाचल्या तर तो निसर्गच एकाकी होत गेलेला दिसतो. पण त्यांचं घर कुठे होतं? लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये ते दिसतं. रेव्हरंड टिळकांच्या घरात पोटच्या पोरासारखा वावरणारा, रुसणारा, हट्ट करणारा ठोमरे तिथे भेटतो. त्या घरातली माया आणि बालकवींच्या कवितेतली उदासी शेजारीशेजारी ठेवून वाचली की ‘निसर्गकवी’ हे लेबल अपुरं वाटू लागतं.

बहिणाबाईंकडे आलं की मात्र थांबावं लागतं. तेराव्या वर्षी लग्न होऊन त्या जळगावच्या चौधरींच्या घरात आल्या, तिशीत विधवा झाल्या, आणि मुलाबाळांसह शेतीचं सगळं ओझं अंगावर आलं. त्यांच्या कविता लेवा गणबोलीत आहेत आणि त्या बहुतेक कामावर असताना रचल्या गेल्या. जात्यावर, चुलीपुढे, शेताच्या वाटेवर. मुलगा सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी त्या टिपून ठेवल्या. पुढे सोपानदेवांनी त्या आचार्य अत्र्यांना दाखवल्या आणि अत्र्यांनी प्रस्तावना लिहून महाराष्ट्रापुढे ठेवल्या. हे सगळं शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. पण आपण बहिणाबाईंचं काय केलं? सुविचार केला. मनावरची, संसारावरची त्यांची वचनं लग्नपत्रिकांवर, एसटी स्टँडच्या भिंतींवर, निरोपसमारंभांच्या भाषणांत गेली. त्यांच्या नावाचं विद्यापीठ जळगावात आहे (१९९० साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून सुरू झालेलं, २०१८ पासून त्यांच्या नावानं). आणि या सगळ्या गौरवात एक गोष्ट अलगद निसटली. बहिणाबाई शेतीच्या कामाचा वर्षभराचा क्रम सांगतात. पेरणी, कापणी, मळणी, उपणणी, मोट. प्रत्येक कामावर कविता आहे, आणि त्या कामाचे हातवारे कवितेच्या लयीत आहेत. उपणणीच्या कवितेत वाऱ्याला बोलावणं हे अलंकार म्हणून येत नाही. वारा आला नाही तर त्या दिवशी धान्य आणि भूस वेगळं होत नाही, एवढी साधी निकड त्यामागे आहे.

निसर्गाची कविता म्हणजे बघणाऱ्याची कविता, असं आपण धरून चालतो. बहिणाबाईंची कविता राबणाऱ्याची आहे. सुगरणीच्या खोप्यावरची त्यांची कविता पाठ्यपुस्तकात पक्ष्याच्या कौशल्याची म्हणून शिकवली जाते. घर बांधणाऱ्या आईची, आणि हातपाय असूनही न धडपडणाऱ्या माणसाला दिलेल्या टोमण्याची ती कविता आहे, हे शिकवणारे शिक्षक विरळा. वैधव्यावरची त्यांची कविता तर आणखी धारदार आहे. कपाळावरच्या कुंकवाचं, हातातल्या बांगड्यांचं काय होतं आणि त्यानंतर नशिबाच्या रेषेचं काय करायचं, याचा हिशेब ही बाई कुणाकडेही दया न मागता मांडते. शंभर वर्षांपूर्वी खानदेशातल्या विधवेनं ज्योतिषाला दारातून परत पाठवावं, याला सामाजिक न्यायाची कविता म्हणायला आपली जीभ का अडखळते, कोण जाणे. निरक्षर असून त्यांनी छापखान्यावरही रचलं आहे, आणि कागद कसा शहाणा होतो नि माणूस कसा कोराच राहतो याची थट्टा केली आहे. देशी कागदाच्या या मुलखातून आलेली ही थट्टा मला फार आवडते.

अत्र्यांचा उल्लेख आला म्हणून एक आडवाट. १९५२ मध्ये त्यांनी बहिणाबाईंना पुढे आणलं आणि १९५३ मध्ये ‘श्यामची आई’ हा चित्रपट काढला, ज्याला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. म्हणजे वर्षभराच्या अंतरानं एकाच माणसानं दोन आया महाराष्ट्राला दिल्या. श्यामची आई कोकणातली, पण तिची गोष्ट सांगणारे साने गुरुजी १९२४ पासून अमळनेरला मास्तर होते आणि पुढेही त्यांचं बहुतेक काम खानदेशातच झालं. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीताप्रवचनं त्यांनीच उतरून घेतली. १९३८ साली अतिवृष्टीनं पूर्व खानदेशातली पिकं गेली तेव्हा शेतसारा माफ व्हावा म्हणून ते गावोगाव फिरले, आणि ‘काँग्रेस’ नावाचं साप्ताहिकही त्यांनी त्याच वर्षी काढलं. १९४७ मध्ये पंढरपूरचं विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुलं व्हावं म्हणून ते उपोषणाला बसले. हा माणूस आपण ‘रडवणारा’ म्हणून बाजूला ठेवला आहे. ‘श्यामची आई’मध्ये म्हाताऱ्या महारणीची मोळी उचलायला आई श्यामला पाठवते तो प्रसंग आठवा. आई मुलाला न्याय शिकवते आणि त्याच दमात घरी आल्यावर आंघोळ करायलाही सांगते. या एका प्रसंगात एका सज्जन घराची उडी किती आणि साखळी किती, हे दोन्ही दिसतं. गुरुजींनी साखळी लपवलेली नाही. आजच्या अमेरिकन कुटुंबकवितेत जे उत्तम आहे ते नेमकं असंच आहे. रीटा डव्ह यांनी ‘थॉमस अँड ब्यूला’ (१९८६) मध्ये आपल्या आजी-आजोबांचं साधं आयुष्य सांगितलं, आणि दक्षिणेतून उत्तरेच्या कारखान्यांकडे निघालेल्या लाखो कृष्णवर्णीयांचा इतिहास त्या घरातून आपोआप सांगितला गेला.

साने गुरुजींची कविता म्हणून कविता मला फार मोठी वाटत नाही. ‘पत्री’मध्ये उमाळा जास्त, प्रतिमा कमी. पण प्रार्थना म्हणून पोरांच्या तोंडी बसलेली त्यांची धर्माची व्याख्या आजही शाळेच्या मैदानावर दुमदुमते, आणि हे भाग्य फार थोड्या कवींच्या वाट्याला येतं.

आता शहाद्याकडे वळू. तापीच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी, सुपीक जमिनींवर सालदार म्हणून राबणारे भिल्ल. सालदारकी म्हणजे वर्षभराच्या करारानं मालकाकडे बांधलेलं आयुष्य. ज्या जमिनीवर ते राबत त्यातली बरीचशी एकेकाळी त्यांच्याच बापजाद्यांची, सावकारीत गेलेली. १९७१ साली शहादा तालुक्यातल्या पाटीलवाडीत आदिवासींवर गोळीबार झाला. अंबरसिंग महाराजांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले, १९७२ मध्ये श्रमिक संघटना झाली, आणि त्या चळवळीतून वाहरू सोनवणे हा भिल्ल कवी पुढे आला. त्यांचा ‘गोधड’ हा संग्रह १९८७ चा. पुढे १९९० मध्ये पालघरच्या आदिवासी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. संग्रहाचं नावच पाहा. गोधडी घरातली वस्तू, आईच्या हातची, जुन्या चिंध्यांची. तिच्याखाली थंडीही भागते आणि गरिबीही झाकली जाते. घर आणि अन्याय एका वस्तूत आणायला त्यांना वेगळा सिद्धांत लागला नाही.

त्यांची ‘स्टेज’ ही कविता भारतभर गाजली. तिचा आशय असा, की आमच्या नावानं मंच उभा राहिला, त्यावर दुसरेच बसले आणि आमचं दु:ख आम्हालाच समजावून सांगू लागले. कविता अगदी छोटी, शब्द बोलण्यातले, आणि शेवटी जो टोला बसतो तो शत्रूला नाही, मित्रांना बसतो. चळवळीतल्या सहकाऱ्यांना, लेखकांना, आपल्यासारख्या वाचकांना. या कवितेचं इंग्रजी भाषांतर भारत पाटणकर, गेल ऑम्व्हेट आणि सुहास परांजपे यांनी केलं. मित्रांना लागलेला टोला मित्रांनीच जगभर नेला, ही या कवितेची आणि त्या मित्रांचीही मोठी गोष्ट.

गेल ऑम्व्हेट मूळच्या मिनेसोटा राज्यातल्या. आणि योगायोग असा, की अलीकडच्या अमेरिकन कवितेत ‘स्टेज’ची सख्खी बहीण शोभेल अशी कविता मिनेसोटाच्याच इतिहासावर आहे. २६ डिसेंबर १८६२ ला तिथल्या मँकाटो गावात ३८ डकोटा पुरुषांना एकाच वेळी फाशी दिलं गेलं. अमेरिकेच्या इतिहासातली ती सर्वांत मोठी सामूहिक फाशी, आणि तिला मंजुरी होती अब्राहम लिंकन यांची, ज्यांनी आठवड्याभरात गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्यावर सही केली. उठावाचं मूळ भुकेत होतं. करारानं कबूल केलेले पैसे आले नव्हते आणि व्यापारी उधार धान्य देईनात. ओग्लाला लकोटा कवयित्री लेली लाँग सोल्जर यांनी ‘व्हेअरॲज’ (२०१७) या संग्रहात यावर कविता लिहिली आहे. एकेक वाक्य सुटं, पूर्ण, पूर्णविरामासह, जणू शाळेतल्या बाई व्याकरण तपासणार आहेत. याच संग्रहाचा मोठा भाग २००९ च्या एका माफीनाम्याला उत्तर आहे. अमेरिकन संसदेनं मूळनिवासींची माफी मागणारा ठराव केला, तोही संरक्षणखर्चाच्या विधेयकाच्या पोटात घातला, आणि खाली एक कलम जोडलं की या माफीच्या आधारे सरकारविरुद्ध कसलाही दावा करता येणार नाही. कवयित्री त्या ठरावाची कायदेशीर भाषाच उचलते आणि तिच्यात आपली मुलगी, आपली जीभ, आपलं गवत घालते. वाहरूंनी तीस वर्षं आधी जो मंच ओळखला, तोच हा मंच, फक्त वॉशिंग्टनचा.

मात्र दोन्ही कवितांत एक फरक आहे आणि तो आपल्या बाजूचा कमीपणा दाखवतो. लाँग सोल्जर कागदपत्रांत शिरतात. कलमं, तारखा, करारातले आकडे त्यांच्या कवितेचा कच्चा माल आहेत. क्लॉडिया रँकिन यांच्या ‘सिटिझन’ (२०१४) मध्ये पोलिसांच्या हातून वा अशाच हिंसेत मेलेल्या कृष्णवर्णीयांची नावं आहेत आणि नव्या छपाईबरोबर ती यादी वाढत गेली. ट्रेसी के. स्मिथ यांनी ‘वेड इन द वॉटर’ (२०१८) मध्ये एका रासायनिक कंपनीनं नदी कशी नासवली यावरचा वृत्तपत्रीय मजकूर घेतला आणि त्यात मरणाच्या दारातून परतलेल्यांचे अनुभव मिसळले. शेतकऱ्याच्या गाई मरतात, ते त्या कवितेत बातमीच्याच भाषेत येतं, म्हणून जास्त बोचतं. आपल्याकडे मात्र सातबारा, पंचनामा, पीकविम्याचा अर्ज, रोजगार हमीचं मस्टर, वनहक्काचा नाकारलेला दावा यांचे गठ्ठ्यांवर गठ्ठे तहसील कचेरीत पडले आहेत आणि कवी त्यांच्याकडे अजून फारसा फिरकलेला नाही. कवितेत कागद येणं आपल्याला गद्य वाटतं. सरदार सरोवरात अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली मिळून ३३ गावं गेली. त्या गावांची गाणी आहेत, आंदोलनाच्या घोषणा आहेत, जीवनशाळांतल्या पोरांची गाणी आहेत. पण त्या ३३ गावांच्या कागदपत्रांतून उभी राहिलेली मोठी मराठी किंवा पावरी-भिलोरी कविता आली, तर ती वाचायला मी पहिला रांगेत उभा राहीन.

दुसऱ्याच्या दु:खाबद्दल कुणी आणि कसं बोलावं, हा वाहरूंचा प्रश्न २०१८ साली पुन्हा उफाळला. दिनकर मनवर यांची ‘पाणी कसं अस्तं’ ही कविता मुंबई विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात होती. त्यात पाण्याच्या रंगासाठी आदिवासी मुलीच्या देहाची उपमा आली होती. आदिवासी संघटनांनी जोरदार आक्षेप घेतला आणि विद्यापीठानं कविता वगळली. अनेक जाणत्या वाचकांनी बाजू मांडली की कविता पाण्याच्या आणि शोषणाच्या बाजूची आहे, एक ओळ तोडून वाचू नका. मला दोन्ही बाजू अर्ध्या पटतात. कविता वगळण्यानं शिकवण्याची संधी गेली, वर्गात त्यावर भांडण होऊ द्यायला हवं होतं. पण आक्षेप घेणाऱ्यांना कविता कळली नाही, हे म्हणणं उद्धट होतं. मोहावी जमातीच्या नताली डियाझ यांच्या ‘पोस्टकलोनियल लव्ह पोएम’ला २०२१ चं पुलित्झर पारितोषिक मिळालं. त्यात कोलोरॅडो नदी म्हणजे आपला देह, हे त्या ठणकावून सांगतात आणि ही उपमा नव्हे, असंही बजावतात. नदी आणि बाईचा देह दोन्हीकडे आहे. एकीकडे बोलणारी बाई तो देह स्वत: वागवते, दुसरीकडे तो बाहेरून पाहिला जातो. हेतू कितीही निर्मळ असो, बघणारा कुठे उभा आहे हे कवितेत उमटतंच.

खानदेशाच्या बाहेरचं थोडं. अमेरिकेशी मराठी कवितेचं नातं नवं नाही. दलित पँथरनं १९७२ मध्ये ब्लॅक पँथरवरून नाव घेतलं, त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ आला. अमेरिकेत शिकून आलेले म. ना. वानखेडे आणि कृष्णवर्णीय साहित्याचे अभ्यासक जनार्दन वाघमारे यांनी ते साहित्य आपल्याकडे समजावून सांगितलं. त्या देवघेवीवर बरंच लिहिलं गेलं आहे. कमी लिहिलं गेलं ते भीमगीतांवर, आणि ती खानदेशातही आहेत. ३१ जुलै १९३७ ला बाबासाहेब एका खटल्यासाठी धुळ्यात आले आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात राहिले. दरवर्षी त्या तारखेला तिथे लोक जमतात आणि गाणी होतात. वामनदादा कर्डकांची परंपरा सांगणारी ती गाणी संग्रहांत क्वचित येतात, आणि वाचनालयात त्यांचं शेल्फ नसतं.

महानोरांबद्दल थोडी तक्रार आणि पुष्कळ कृतज्ञता. ‘रानातल्या कविता’ १९६७ मध्ये आल्या आणि मराठी कवितेला शेताचा ओला वास पुन्हा मिळाला. त्यांचं पळसखेड तसं सोयगाव तालुक्यातलं, पण जळगावकर त्यांना आपलेच समजत. त्यांच्या कवितेतलं रान शृंगारानं भरलेलं आहे, कर्जानं क्वचित. पण हाच माणूस १९७८ मध्ये विधान परिषदेत गेला आणि तिथे पाणी, फळबागा, शेती यावर हिरिरीनं बोलला. म्हणजे शेतीतला अन्याय त्यांना नक्की दिसत होता. त्यांनी तो कवितेत न मांडता सभागृहात मांडला. कवितेला सुखाचं रान राखून ठेवण्याचा हा निर्णय मला कळतो, पटतो असं नाही. नंतरच्या पिढीत ही विभागणी मोडली. श्रीकांत देशमुखांच्या ‘बोलावे ते आम्ही’ला २०१७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दौंड तालुक्यातल्या कल्पना दुधाळ यांच्या संग्रहाचं नाव आहे ‘सिझर कर म्हणतेय माती’. बाळंतपण, शेती आणि नासलेली जमीन या तिन्ही गोष्टी चार शब्दांत आणणारं हे नाव वाचून वाटतं, बहिणाबाईंची खरी वारस पुणे जिल्ह्यात निघाली.

कविता टिकते ती मात्र कुणीतरी पदरमोड करून छापत राहतो म्हणून. धुळ्याला पुरुषोत्तम पाटलांनी १९८५ मध्ये ‘कविता-रती’ हे फक्त कवितेला वाहिलेलं नियतकालिक सुरू केलं. जिल्ह्याच्या गावातून, पुण्या-मुंबईच्या वलयाबाहेर राहून, त्यांनी कवींच्या दोन-तीन पिढ्या घडवल्या. २०१७ मध्ये ते गेले. जळगावकडे नामदेव कोळी हे कवी ‘वाघूर’ नावाचा दिवाळी अंक काढतात, नदीचं नाव घेऊन. अमेरिकेत राष्ट्रकवीच्या पदाला ग्रंथालय आहे, मानधन आहे, व्यासपीठ आहे. एडा लिमोन त्या पदावर असताना राष्ट्रीय उद्यानांत सहलीच्या टेबलांवर कविता बसवल्या गेल्या, आणि त्यांची कविता कोरलेलं यान ऑक्टोबर २०२४ मध्ये गुरूच्या युरोपा या चंद्राकडे निघालं. आपल्याकडे २०१६ साली जळगावच्या केळीला आणि भरिताच्या वांग्यालाही भौगोलिक मानांकन मिळालं. कवितेनं वांग्याचा हेवा करावा, अशी वेळ आहे.

फेब्रुवारी २०२४ मध्ये अमळनेरला ९७ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, अध्यक्ष रवींद्र शोभणे. त्याच गावात, त्याच दिवसांत विद्रोही साहित्य संमेलनही भरलं, अध्यक्ष वासुदेव मुलाटे. साने गुरुजींच्या गावात दोन मांडव. वाहरूंची ‘स्टेज’ छत्तीस-सदतीस वर्षांनंतरही जुनी झालेली नाही, हे सांगायला वेगळ्या समीक्षकाची गरज उरली नाही.

अहिराणीचं काय? २०११ च्या जनगणनेत अहिराणी धरून ‘खानदेशी’ या भाषेखाली नोंदलेले सुमारे १८ लाख ६० हजार लोक आहेत. रमेश सूर्यवंशींचा अहिराणी कोश आहे, सुधीर देवरे यांनी अहिराणी ‘ढोल’ चालवलं आणि अहिराणीत कविता लिहिली. पण अहिराणीची सर्वांत मोठी कविता अजून बायकांच्या तोंडी आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकी झोक्यावर गातात, श्रावणात कानबाईच्या रोटांच्या वेळी रात्र जागते. त्या गाण्यांत भाऊ आहे, सासू आहे, आटलेली विहीर आहे, गहाण पडलेला दागिना आहे, आणि एकाच कडव्यात आहे. डंगींनी जे संकलन करून दाखवलं ते इथे करायला कागदही लागणार नाही, फोन पुरेल. सध्या फोनवर जे अहिराणी पोचतं ते लग्नातल्या डीजेचं. त्यावर नाक मुरडण्यात अर्थ नाही. त्यातल्या काही गाण्यांना ठेकाही आहे आणि टवाळकीही. पण मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर कापसाच्या वावरात सरकी टोचणाऱ्या बाईचं गाणं, गिरणेतून रात्री वाळू उपसली जाते तिच्या काठावरच्या वस्तीचं गाणं, केळीच्या बागेत पट्ट्यानं घड वाहणाऱ्या मजुराचं गाणं त्यात अजून आलेलं नाही. ही माणसं कामावर असताना काहीच म्हणत नसतील, हे मला खरं वाटत नाही. आसोद्याच्या बाईला सोपानदेव आणि पितांबर लाभले होते.